तुतीचं झाड, पाण्याची पाळी आणि एक अरबी कागद : मोरिस्को कादंबरीच्या कामाच्या नोंदी

९ जून २०२४

पेटीचा आराखडा आज रद्द केला. दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादा या मुसलमानी राज्याचा शेवटचा सुलतान बोआब्दिल देश सोडताना एका विश्वासू सरदाराकडे जवाहिराची पेटी ठेवतो आणि पाऊणशे वर्षांनी त्या सरदाराचे वंशज ती शोधायला निघतात, अशी मूळ कथा होती. पाठलाग, भुयार, सांकेतिक खुणा सगळं जमलं होतं. त्यात अख्खा उन्हाळा गेला.

रद्द करण्याचं कारण इथे सविस्तर लिहितो, कारण या काळावर लिहिणारा कुणीही पहिल्यांदा पेटीकडेच वळेल. २ जानेवारी १४९२ ला ग्रानादा स्पेनच्या ख्रिस्ती राजा-राणीच्या, फर्डिनांड-इसाबेलाच्या, ताब्यात गेलं. त्याआधी नोव्हेंबर १४९१ मध्ये झालेल्या तहात मुसलमानांचा धर्म, मशिदी, काझी, घरंदारं राखण्याचं वचन होतं. तरी ज्यांच्याकडे खरोखर धन होतं अशी बरीच घराणी पुढच्या काही वर्षांत आफ्रिकेत निघून गेली. बोआब्दिल स्वतः १४९३ मध्ये मोरोक्कोतल्या फेसला गेला. मागे उरले ते मुख्यतः शेतकरी, विणकर, रंगारी, माळी, खेचरवाले. १४९९ च्या शेवटी कार्डिनल सिस्नेरोसने सक्तीचे बाप्तिस्मे सुरू केले, उठाव झाले, ते चिरडले आणि १५०२ मध्ये कास्टिल राज्याच्या (ग्रानादा आता त्यातच होतं) सगळ्या मुलखात ‘ख्रिस्ती व्हा नाहीतर निघा’ असा हुकूम निघाला. अशा बाटवलेल्या लोकांना आणि त्यांच्या मुलाबाळांना मोरिस्को म्हणत.

या लोकांवर पुढे शंभर वर्षं जे आरोप झाले त्यातला एक असा की हे पैसा कमावतात, खर्च करत नाहीत, दडवून ठेवतात. म्हणजे पेटी ठेवली असती तर माझी कादंबरी छळ करणाऱ्यांच्याच आरोपाला साक्ष देत राहिली असती. वारसा हवा, पण तो त्या माणसांकडे खरोखर असू शकेल असा हवा.

१६ जून

वारसा सापडला : तुतीची झाडं आणि आठवड्यातली पाण्याची एक पाळी.

सिएरा नेवादाच्या दक्षिण उतारावरचा आल्पुहार्रास हा डोंगराळ मुलूख. वरचं बर्फ वितळतं, ते पाणी पाटांनी खाली आणून पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांना द्यायचं. पाणी पाळीने मिळे आणि पाळी म्हणजेच मालमत्ता. तुतीच्या पाल्यावर रेशमाचे किडे पोसायचे, ते रेशीम ग्रानादाच्या बाजारात जाई आणि त्यावर राजाला चांगला महसूल मिळे.

माझ्या कामाची खरी गोष्ट अशी की तिथे जमीन एकाची आणि तीवरचं झाड दुसऱ्याचं असू शकत होतं. कोकणात परक्याच्या आवारातल्या आंब्या-फणसावर आपला हिस्सा असतो, तसंच. मशिदींच्या वक्फ जमिनी बाप्तिस्म्यानंतर चर्चकडे गेल्या, पण त्यावरची खाजगी झाडं ज्याची त्याचीच राहिली. म्हणून माझ्या कथेत जमीन चर्चची, तिच्यावर सहा जुन्या काळ्या तुती, त्या एका मोरिस्को घराण्याच्या. झाडाशी जायचं तर चर्चच्या जमिनीवर पाय ठेवावा लागतो. एवढ्या एका गोष्टीने दर प्रकरणाला संघर्ष मिळतो, तलवार काढावी लागत नाही.

गाव काल्पनिक ठेवलंय. खऱ्या गावाचं नाव घेतलं तर प्रत्येक चतुःसीमा तपासावी लागेल आणि ते माझ्या आवाक्याबाहेरचं आहे.

३० जून

वाटणीचं प्रकरण. हे जमायला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त मिळालंही इथेच.

बाप वारलाय. मागे मुलगा दिएगो आणि मुलगी इसाबेल, घरातलं नाव आयेशा. पहिल्या लिखाणात मुलगी गुपचूप रोजे धरणारी म्हणून मुसलमानी वाटणी मागते आणि मनापासून ख्रिस्ती झालेला भाऊ कास्टिलचा कायदा सांगतो, असं सरळ लिहिलं होतं. मग दोन्ही कायदे शेजारी मांडले. शरियतेप्रमाणे मुलाला मुलीच्या दुप्पट. कास्टिलच्या कायद्यात मुलामुलींना मुळात सारखं, बापाने मृत्युपत्रात कुणाला जास्त दिलं तरच फरक. म्हणजे धर्माला चिकटून राहिलेल्या बहिणीचा फायदा राजाच्या कायद्यात आहे आणि चर्चला जाणाऱ्या भावाचा फायदा आजोबांच्या कायद्यात!

आता दोघांनाही स्वतःच्या श्रद्धेविरुद्ध मागणी करावी लागते. बहीण म्हणते, मला सारखा हिस्सा नको, देवाने ठरवलेला दे. भाऊ तो घेतो आणि त्याच रात्रीपासून त्याची झोप उडते, कारण अशी वाटणी केल्याचं बाहेर कळलं तर ‘हे घर अजून जुना धर्म पाळतं’ याचा तोच पुरावा. ज्यांना असा विषय लिहायचाय त्यांना सांगेन की प्रार्थना, उपवास, डुकराचं मांस ही नेहमीची प्रसंगांची यादी हाताळण्याआधी वाटणीपत्र लिहून पाहा. माणूस कशाला घट्ट धरून आहे ते तिथे दिसतं.

१४ जुलै

दिएगो खलनायक होत चालला होता, ते दुरुस्त केलं.

इन्क्विझिशनचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मापासून ढळलेल्यांची चौकशी करणारं, न्यायासन ग्रानादात १५२६ ला आलं. ते मेलेल्या माणसावरही खटला चालवू शके. दोषी ठरला तर मालमत्ता जप्त, त्याच्या नावाचा सांबेनितो म्हणजे शिक्षेचा झगा गावच्या चर्चमध्ये टांगलेला, आणि मुलं-नातवंडं अधिकाराच्या जागांना, शस्त्र बाळगायला, घोड्यावर बसायला, रेशमी कपडे घालायला अपात्र. दिएगोला मुलगा आहे. वडील शेवटच्या दुखण्यात काय पुटपुटले हे शेजारणीने ऐकलंय. एवढं कळलं की तो जे करतो ते भीतीने आणि मुलावरच्या मायेने करतो, हे वाचकाला दिसतं. त्याची श्रद्धाही खरी ठेवली आहे. बाप्तिस्मा झालेले सगळेच आतून मुसलमान होते असं मानणं म्हणजे पुन्हा इन्क्विझिशनचीच नजर.

४ ऑगस्ट

१५६७ चा हुकूम. १ जानेवारी १५६७ ला ग्रानादात दवंडी पिटली गेली. तीन वर्षांत कास्टिलियन शिका, त्यानंतर घरात किंवा बाहेर अरबी बोलणं, वाचणं, लिहिणं गुन्हा. अरबीतले करार रद्दबातल. अरबी पुस्तकं ३० दिवसांत तपासायला आणून द्या. मुसलमानी नावं बंद, बायकांचा चेहरा झाकणं बंद, हमामखाने पाडायचे, शुक्रवारी घरांची दारं उघडी ठेवायची.

पहिल्या लिखाणात दवंडीवाला हे सगळं चौकात वाचतो आणि गर्दी हळहळते. पानं पुढे सरकेनात. आता संपूर्ण प्रकरण एका उघड्या दाराचं केलंय. शुक्रवार, थंडीचे दिवस, दार सताड उघडं, आतून धूर बाहेर जातोय, रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण आत बघतोय आणि आयेशाला अंघोळीचं पाणी तापवायचंय. बाकीची कलमं संवादांत अधूनमधून येतात, काही येतच नाहीत.

फ्रान्सिस्को नून्येझ मुलेय या वृद्ध मोरिस्को सरदाराने अधिकारी पेद्रो दे देसाकडे केलेला अर्ज मात्र सोडवेना. त्याचं म्हणणं असं की हा पेहराव प्रांताचा आहे, धर्माचा नव्हे; पूर्वेकडचे ख्रिस्तीही अरबी बोलतात; हमामखाना स्वच्छतेसाठी आहे; नावंच गेली तर कोण कुणाच्या वंशातलं हे कसं कळणार? तो आधी आयेशाच्या वडिलांच्या तोंडी घातला होता. काढला. दरबारात वावरलेल्या माणसाची ती भाषा, डोंगरातल्या शेतकऱ्याला ती शोभत नाही. आता एक खेचरवाला त्या अर्जातलं जेवढं त्याला आठवतं तेवढं चुलीपाशी सांगतो. त्याला नावांचा मुद्दा तेवढा नीट आठवतो, कारण त्याच्या गावात एकाच नावाचे चार जण झालेत.

११ ऑगस्ट

कथेचा मुख्य खिळा आज बसला.

आजोबांनी झाडं विकत घेतली त्याचं खरेदीखत अरबीत आहे. १५५९ पासून राजाचे अधिकारी जमिनीचे कागद तपासत फिरत होते आणि ज्याच्याकडे पुरावा नाही त्याची जमीन काढून घेत होते. म्हणजे खत हवंच. पण सुटं खत असलं तर अडचण फार मोठी होत नाही. ग्रानादात अरबी दस्तांचं कास्टिलियन करून देणारे अधिकृत दुभाषे होते.

उपाय मिळाला तो मालागाजवळच्या कूतार गावातून. २००३ मध्ये तिथे एका जुन्या घराची दुरुस्ती चालू असताना भिंतीच्या पोकळीत अरबी पुस्तकं मिळाली. एक कुराण, बाकीच्यांत गावच्या धर्मपंडिताने धर्म, कायदा, हिशेब सगळं एकत्र लिहिलेलं. मग माझं खतही तसंच केलं. ते घरातल्या प्रार्थनेच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिलंय, पुढची पानं तोडली तर शिवण सुटते. झाड आपलं आहे हे सिद्ध करायचं तर तीच वही न्यायाधीशापुढे ठेवायची, आणि ती ठेवली की झाडाबरोबर माणूसही गेला.

वही लपवण्याची जागाही बदलली. आधी अंगणात पुरली होती; एका हिवाळ्यात तिचा लगदा झाला असता. आरागॉनमधल्या आल्मोनासिद दे ला सिएर्राला १८८४ मध्ये एक घर पाडताना दुहेरी जमिनीखाली पुस्तकांचा मोठा साठा निघाला. कापडात गुंडाळलेली पुस्तकं आणि दमट लागू नये म्हणून मधे मिठाचे खडे. त्यातली काही पुस्तकं अजाणतेपणी जाळलीही गेली. मिठाचे खडे घेतले. आयेशा मीठ जास्त विकत आणते हे शेजारणीच्या लक्षात येतं, त्यामुळे पुढच्या प्रकरणाची सोयही झाली.

१ सप्टेंबर

तारखांचं काम. खर्च : आल्पुहार्रासचा मोठा नकाशा फ्लेक्सच्या दुकानात छापून घेतला, ३५० रुपये. सोळाव्या शतकातली स्पॅनिश वाचून अर्थ सांगणाऱ्या विद्यार्थिनीला पानामागे १२० रुपये. यात काटकसर करू नये.

१५६७ च्या हुकमानंतर मोरिस्कोंनी केलेला उठाव १५६८ च्या नाताळच्या आदल्या रात्रीचा. माझ्या लिखाणात त्या रात्री रोजा सुटतो आणि ग्रानादा शहरातल्या आल्बाइसीन या मोरिस्को वस्तीवर पिठूर चांदणं पडलंय. दोन्ही चूक. हिजरी ९७६ चा रमजान फेब्रुवारी १५६९ च्या मध्यानंतर लागतो. आणि गणित मांडलं तर त्या रात्री पंचमी-षष्ठीचा चंद्र निघतो, मध्यरात्रीच्या आत मावळलेला. फाराश आबेन फाराश नावाचा रंगारी दीड-एकशे माणसं घेऊन वस्तीत शिरला तो मिट्ट काळोखात. डोंगरातल्या बर्फामुळे बाकीची माणसं पोचलीच नव्हती. वस्तीने दारं उघडली नाहीत. तुम्ही थोडे आहात आणि फार लवकर आलात, असं त्यांना सांगितल्याचं बखरी नोंदवतात. चांदणं काढल्यावर प्रसंग पुन्हा लिहावा लागला, पण आता सगळं आवाजावर चालतं : नगारा, धावती पावलं, कड्या लागण्याचे आवाज.

दुसरा सापळा १५८२ चा. स्पेनमध्ये ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस थेट १५ ऑक्टोबर धरला गेला. मधल्या तारखा अस्तित्वातच नाहीत. माझं एक पत्र नेमकं ९ ऑक्टोबर १५८२ चं होतं. त्याआधीच्या सगळ्या तारखा जुन्या पंचांगाच्या आहेत हे चंद्र, ऋतू, सूर्योदय काढताना विसरू नका.

२२ सप्टेंबर

उठावाची प्रकरणं. मी त्यातलं काहीही सौम्य करणार नाही. उठाववाल्यांनी आल्पुहार्रासच्या गावांतून पाद्री आणि जुने (पिढीजात) ख्रिस्ती हाल करून मारले. राजाच्या सैन्याने गावं लुटली, बायका-मुलं गुलाम म्हणून विकली. गालेरा गाव फेब्रुवारी १५७० मध्ये पडल्यावर राजाचा सावत्र भाऊ आणि सेनापती डॉन हुआन दे आउस्त्रिया याने ते जमीनदोस्त करून त्यावर मीठ पेरायला लावलं. उठावाने राजा केलेल्या आबेन हुमेयाला १५६९ च्या ऑक्टोबरात त्याच्याच माणसांनी मारलं, त्याच्यानंतरच्या आबेन आबूलाही १५७१ मध्ये तसंच.

आयेशाला आधी लढवय्यी केली होती. आता ती दोन्ही सैन्यांपासून पाल्याच्या टोपल्या वाचवते. किडे वसंतात पोसायचे असतात, युद्ध असो नसो. पानं वेळेवर मिळाली नाहीत तर वर्ष गेलं.

६ ऑक्टोबर

गोव्याचा धागा. एका मित्राने सुचवलं की मराठी वाचकासाठी एखादा कोकणी खलाशी कथेत आणावा. आणला नाही, तसा माणूस त्या डोंगरात का असेल, याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण हा विषय मला का सोडत नाही हे प्रस्तावनेत लिहिलंय. गोव्यातला मंगेश देव कुशस्थळीहून प्रियोळला १५६० मध्ये हलवला, त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं. आमच्या घरात रात्री देव नदीपार नेल्याची कथा अजून सांगतात, त्या मागे राहिलेल्या कुळागराचं (सुपारी-नारळाच्या बागेचं) नाव घेऊन. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने गोव्यातल्या लोकांनी कोंकणी सोडून पोर्तुगीज शिकावी म्हणून मुदत दिली, तीही तीनच वर्षांची. १७३६ च्या जाहीरनाम्यात धोतर, चोळी, दारची तुळस. ग्रानादाचा १५६७ चा हुकूम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो ओळखीचा वाटला, त्याचं कारण हे. प्रस्तावनेत एवढंच, कादंबरीत एक ओळही नाही.

१० नोव्हेंबर

हद्दपारी आणि मोजणी.

नोव्हेंबर १५७० मध्ये ग्रानादाच्या राज्यातले मोरिस्को काफिल्यांनी कास्टिलमध्ये पाठवले. एकंदर हद्दपार सुमारे ८० हजार मानतात. थंडी, पाऊस, साथ; वाटेत फार माणसं मेली. आयेशा कोर्दोबाला जाते. आधीच्या लिखाणात ती तिथून पळून, घोडा मिळवून दोन दिवसांत गावी परतते. परवान्याशिवाय मुक्कामाचं गाव सोडणं मोरिस्कोंना गुन्हा होता आणि वाटेवर प्रत्येक खानावळीत चौकशी. आता ती एका खेचरवाल्याच्या तांड्यात, त्याच्या परवान्यावर, बायको म्हणून जाते आणि प्रवासाला जेवढा लागावा तेवढा वेळ लागतो. साहस वाढलं, कारण प्रत्येक मुक्कामी कागद दाखवावा लागतो.

१५७१ मध्ये मोरिस्कोंची मालमत्ता राजाने घेतली आणि गालिसिया, लेओन, आस्तुरियास अशा भागांतून वसाहतकरी आणले. त्यांना वाटण्यासाठी गावोगाव मोजणी झाली, तिच्या वह्या आजही आहेत. हद्दी दाखवायला जाणकार माणूस लागे. माझ्या कथेत तो दिएगो, त्यासाठीच मागे ठेवलेला. मोजणीदार विचारतो : ही सहा झाडं कुणाची? चर्चची म्हणाला तर प्रश्न मिटतो. बापाची म्हणाला तर राजाची होतात आणि नोंदीत बापाचं नाव कायमचं राहतं. तो बापाचं नाव घेतो. त्यापाठोपाठ ‘पुरावा?’ हा प्रश्न येणारच होता, तो मी विसरलो नाही. दिएगो म्हणतो, पाट बघा, सहाव्या झाडापर्यंत वळवलाय, चर्चच्या पिकाला कुणी तसा पाट काढत नाही. मोजणीदार पाटावरून चालत जातो. कादंबरीतलं हे प्रकरण मला सर्वांत आवडतं.

२९ डिसेंबर

शेवट. वालेन्सियात २२ सप्टेंबर १६०९ ला हकालपट्टीची दवंडी झाली : तीन दिवसांत निघा, हातात मावेल तेवढंच न्या. आंदालुसियाची जानेवारी १६१० मध्ये. १६१४ पर्यंत सुमारे तीन लाख माणसं स्पेनमधून घालवली गेली. आयेशा आता साठीची, सेव्हिलच्या धक्क्यावर, पाच वर्षांचा नातू बरोबर. आंदालुसियाच्या हुकमात सात वर्षांखालची मुलं मुसलमान मुलखात नेण्याला बंदी होती, म्हणून कित्येक कुटुंबं फ्रान्सला जातो म्हणून निघाली आणि तिथून पुढे गेली. जहाजाचं भाडं स्वतःच द्यायचं. मार्सेलपर्यंतचे पैसे तिच्याकडे आहेत, तिथून ट्युनिसचे नाहीत. शेवटची प्रकरणं या पैशांच्या जुळणीची आहेत.

वही गावच्या भिंतीतच राहते. वाचून बघणाऱ्या दोघांनी ती कुणालातरी सापडावी असं सुचवलं. नाही केलं. कूतार आणि आल्मोनासिद लक्षात राहतात ते अपवाद म्हणून.

१८ जानेवारी २०२५

कच्चं लिखाण वाचलेल्यांनी बंदरातलं द्वंद्वयुद्ध परकं वाटतं म्हणून सांगितलं. शस्त्र बाळगायला बंदी असलेल्या माणसाकडे तलवार कुठून आली हा त्यांचा प्रश्न रास्त होता. प्रकरण काढलं. त्याऐवजी जहाजाच्या कारकुनाशी भाड्यावरून घासाघीस.

छपाईचा अंदाज आला : ३०० प्रतींना ६८ हजार, नकाशा दुमडून घातला तर आणखी ४ हजार. नकाशा घालणार, पाट कसा जातो ते कळल्याशिवाय मोजणीचं प्रकरण पोचत नाही.

‘खरं काय, कल्पित काय’ हे पान शेवटून काढून सुरुवातीला आणलंय. गाव, भावंडं, वही, सहा झाडं कल्पित. हुकूम, तारखा, उठाव, गालेरा, मोजणी, हकालपट्टी, नून्येझ मुलेयचा अर्ज खरं. आबेन हुमेयाचे दोन संवाद माझे आहेत, तेही तिथे नोंदवले. मजकूर सोमवारी अक्षरजुळणीला जाईल. स्पॅनिश नावांच्या उच्चारांची यादी त्याआधी एकदा त्या विद्यार्थिनीकडून तपासून घ्यायची आहे.